लांब बाह्यांचे पोलके

२०१८ साली अधिक ज्येष्ठ आला होता. आमच्या थोरल्या बहिणीच्या जावयाचे ते पहिलेच अधिक महिन्याचे वाण, आणि जावई राहतो कॅलिफोर्नियात! बहिणीचे गुडघे धरलेले, मुलगी सात महिन्यांची गरोदर, आणि मला कॉलेजची उन्हाळ्याची सुट्टी. तेव्हा ३३ अनारसे आणि चांदीचे तबक घेऊन विमानात बसण्याची कामगिरी माझ्यावर आली. ‘‘अगं, विमानात त्यांचा चुरा होईल,’’ असे मी म्हटले, तर बहीण म्हणाली, ‘‘चुरा झाला तर चुरा दे, पण ३३ चा दे.’’ अमेरिकेच्या कस्टमच्या माणसाला अनारसा काय असतो हे समजावताना माझी एम.ए.ची पदवी कशी कामी आली, तो एक निराळा लेख होईल.

आज लिहायचे आहे ते भाचीच्या घरी दर गुरुवारी साफसफाईला येणाऱ्या एका बाईविषयी. सॅन होजेच्या त्या टुमदार वस्तीत सकाळी गाडी थांबे, आणि एक ठेंगणी, सावळी, जाड वेणी घातलेली मेक्सिकन बाई बादल्या-फडकी घेऊन उतरे. मला तर ती थेट साताऱ्याकडची वाटली. तिचे इंग्रजी पन्नास शब्दांचे, माझे स्पॅनिश पाच शब्दांचे. तरी बायकांचे काही अडत नाही. दुसऱ्या गुरुवारी मी तिला अनारसा दिला, तिने तो हुंगला, खसखशीकडे बोट दाखवून काही विचारले आणि उरलेला अर्धा मुलांसाठी कागदात बांधून घेतला. मला तिचे कौतुक वाटले. उन्हाळा लागला होता, तरी ती मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालून फरशी पुसत होती. मला रोज रात्री रोजनिशी लिहायची सवय आहे. त्या रात्री तिच्याविषयीही चार ओळी लिहिल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी न्हाणीघर धुताना तिने क्षणभर बाह्या वर सारल्या आणि भाची नेमकी त्याच वेळी आत गेली. कोपरापासून खाली निळे-पिवळे वळ होते. बोटे मोजता यावीत असे. बाईने झटकन बाही ओढली आणि म्हणाली, ‘‘मे काई.’’ मी दाराशी होते. मला वाटले, ती मराठीत ‘मी काही…’ म्हणते आहे आणि पुढचे वाक्य गिळते आहे. भाचीने मागाहून सांगितले, त्याचा अर्थ ‘मी पडले.’ जगातल्या सगळ्या भाषांत बायका पडतात, हे मला ठाऊक होते. आमच्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या काकू महिन्यातून दोनदा जिन्यावरून पडत. रात्री सगळा वाडा ते पडणे ऐके, आणि सकाळी नळावर सगळ्या जणी त्यांना विचारीत, ‘‘काय हो, पाणी आलं का वर?’’

तेव्हा कोणीही सुशिक्षित माणूस विचारील तोच प्रश्न मी भाचीला विचारला, ‘‘ही पोलिसांत का जात नाही? इथे तर तीन आकडे फिरवले की दारात गाडी!’’

भाचीने ते तीन आकडे फिरवण्यासाठी फोन हातात घेतला, तेव्हा त्या बाईने तिचा हात धरला. मारणाऱ्याचा नव्हे, वाचवणाऱ्याचा हात धरून ती रडू लागली. हा प्रकार मला कळेना. तो कळायला मला पुढचे चार आठवडे लागले. एका चर्चला लागून असलेल्या सभागृहात स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांसाठी एक सल्ला-केंद्र चाले. भाचीने तिला तिथे नेण्याचे ठरवले, आणि मीही शेपटासारखी मागे गेले. तिथली समाजकार्यकर्ती लहानपणी ग्वातेमालाहून आलेली होती. माझा तो प्रश्न ऐकून ती म्हणाली, ‘‘सेन्योरा, ती का जात नाही हे विचारण्यापूर्वी बाहेर जायला दारे किती आहेत ती मोजू या.’’

माझा पहिला गैरसमज तिने मुळातच उपटला. या लॅटिन पुरुषांचा मर्दपणा प्रसिद्ध आहे, तेव्हा त्यांच्यात मारहाण फार, असे मी धरून चालले होते. २०१० साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने देशभर जी मोठी पाहणी केली, तिच्यात जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग कधी ना कधी सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण लॅटिन वंशाच्या स्त्रियांत ३७.१ टक्के निघाले. गोऱ्या स्त्रियांत ते ३४.६ टक्के होते. म्हणजे हात सगळ्यांचेच उठतात. फरक आहे तो हात उठल्यानंतर काय होते त्यात.

लॅटिना म्हणजे कोणी एक जात नव्हे. मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर, क्युबा, पोर्तो रिको अशा कितीतरी देशांशी नाते सांगणाऱ्या त्या स्त्रिया. २०२० च्या शिरगणतीत अमेरिकेत या मुळाची माणसे सहा कोटी एकवीस लाख होती. त्यांतल्या कित्येकींच्या पिढ्यान् पिढ्या तिथेच गेल्या. पोर्तो रिकोच्या लोकांना तर १९१७ पासून नागरिकत्व आहे. तेव्हा ‘कागद’ हे संकट सगळ्यांचे नाही. परंतु ज्यांचे ते आहे, त्यांच्या घरात नवऱ्याला काठीची गरजच पडत नाही.

आमच्या बाईचेच पाहा ना. नवऱ्याजवळ ग्रीन कार्ड, बायकोजवळ काहीच नाही. बायकोसाठी अर्ज करायचा तो नवऱ्याने. त्याने ‘करतो, करतो’ म्हणत नऊ वर्षे काढली. तिचा जन्मदाखला त्याच्या कपाटात, कुलपात. दोन्ही मुले तिथेच जन्मलेली, म्हणून अमेरिकन नागरिक. मग भांडणात एकच वाक्य पुरे: ‘एक फोन केला की तू सीमेपलीकडे आणि पोरे इकडे.’ आपल्याकडे सासुरवाशिणीला माहेरी पाठवून देण्याची धमकी देत. त्या धमकीत निदान माहेर तरी असे! हिच्या धमकीत मधे एक देशाची सीमा होती आणि तिच्या अलीकडे पोरे.

यावर अमेरिकेत कायदा नाही असे नाही. १९९४ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धच्या कायद्यावर सही केली. त्यात नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डवाल्याच्या छळ सोसलेल्या बायकोला, आणि नवऱ्यालाही, स्वतःचा अर्ज स्वतः करण्याची वाट ठेवली. नवऱ्याची सही लागत नाही, आणि १९९६ पासून तर असा अर्ज आल्याचे सरकारने नवऱ्याला कळवणेही निषिद्ध आहे. आमच्या बाईला ही वाट अगदी मापाने शिवल्यासारखी होती. नऊ वर्षांत तिला ती कोणी सांगितली नव्हती. सांगणार कोण? कायदा इंग्रजीत, ती स्पॅनिशमध्ये आणि दोघांच्या मधे दुभाष्या म्हणून नवरा!

हा दुभाष्याचा प्रकार मोठा विचित्र आहे. शेजारच्यांनी पोलीस बोलावले तर शिपायाला इंग्रजीत हकिगत सांगतो तो नवरा, कारण त्यालाच ते येते. नाहीतर शिपाई विचारतो घरातल्या आठ वर्षांच्या मुलीला, ‘आई काय म्हणते?’ आणि ती मुलगी आपल्या बापाने आपल्या आईला काय केले याचे भाषांतर करते. बरे, स्पॅनिश जाणणारा शिपाई आला म्हणजे सुटले असेही नाही. मेक्सिकोच्या वाहाका भागातल्या पुष्कळ बायकांची मातृभाषा मिश्तेक किंवा सापोतेक असते आणि ग्वातेमालाच्या डोंगरातल्यांची माम किंवा किचे. २००० साली क्लिंटन यांनीच इंग्रजी न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा समजेल अशा रीतीने मिळावी असा आदेश काढला होता; २०२५ च्या मार्चमध्ये इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा ठरवताना तो रद्द केला गेला.

आणि भाषा आली तरी भीती उरतेच. २०१७ च्या फेब्रुवारीत टेक्सासमधील एल पासो येथे जोडीदारापासून संरक्षण मागायला न्यायालयात आलेल्या एका पारलिंगी स्त्रीला परदेशी लोकांचे अधिकारी तिथूनच पकडून घेऊन गेले. ती बातमी स्पॅनिश रेडिओवरून घरोघरी पोहोचली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी सांगितले की लॅटिन वस्तीतून येणाऱ्या घरगुती मारहाणीच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा १० टक्क्यांनी घटल्या. ह्यूस्टनच्या प्रमुखांनी बलात्काराच्या तक्रारींत ४२.८ टक्क्यांची घट सांगितली. दोघांनीही याचे कारण सांगितले ते भय. गुन्हे कमी झाले असे त्यांपैकी कोणालाच वाटले नाही. कॅलिफोर्नियात २०१८ च्या जानेवारीपासून स्थानिक पोलिसांना कोणाचे कागद विचारण्याची मनाई करणारा कायदा लागू झाला होता. आम्ही तो बाईला समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘पण गणवेश पाहून मला कसं कळायचं, हा कोणता पोलीस?’’ याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. २०२५ च्या जानेवारीत चर्च, शाळा, इस्पितळे अशा जागी धरपकड टाळण्याचे जुने धोरणही मागे घेतले गेले. मला ती सभागृहातली लोखंडी खुर्च्यांची रांग आठवली.

आता जी गाठ सांगते, ती मला सगळ्यांत अवघड वाटली. १९९६ च्या एका कायद्यान्वये घरातल्या मारहाणीचा गुन्हा शाबीत झाला की परदेशी माणसाला, त्याच्याजवळ ग्रीन कार्ड असले तरी, देशाबाहेर घालवता येते. ऐकायला किती चांगले! पण बाई म्हणाली, ‘‘तो गेला तर भाडं कोण देणार? आणि पोरं मला विचारतील, बाबाला तू घालवलंस ना?’’ तो छपरे घालण्याच्या कामावर होता. दिवसभर उन्हात अपमान गिळून संध्याकाळी घरी ओकणारा. ती त्याची वकिली करीत नव्हती. तिला मार थांबायला हवा होता, माणूस नाहीसा व्हायला नको होता. आणि तिच्यासमोर दारे होती ती दोनच: तो तरी नाहीसा होईल, नाहीतर ती.

तीन दशकांहून अधिक काळ जुन्या अशा संस्थांनी हे ओळखले आहे. मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९८२ साली काही लॅटिन स्त्रियांनी ‘कासा दे एस्पेरान्सा’, म्हणजे आशेचे घर, या नावाची संस्था काढली. २०२१ पासून तिचे नाव ‘एस्पेरान्सा युनायटेड’ आहे. सुरुवात आश्रयगृहाने झाली. पण बायकांचे ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आले की पुष्कळींना घर सोडायचे नसते, घरातली मारहाण सुटायला हवी असते. म्हणून काम आश्रयगृहाच्या भिंतींबाहेर, वस्तीत न्यावे लागले. कॅलिफोर्नियाच्या शेतमजूर बायकांनीही १९९२ साली ‘लिदेरेस काम्पेसिनास’ ही आपली संघटना उभारली. द्राक्षे नि स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या बायका एकमेकींच्या घरी जातात, छोटी नाटके करून दाखवतात. ज्या बाईला ‘तुला मारतो का?’ म्हटले तर दार लावून घेईल, ती नाटकातल्या बाईविषयी तासभर बोलते. माझ्या पत्रकावर ‘लोकनाट्य व प्रबोधन’ हा विषय गेली कित्येक वर्षे आहे. तो मला खऱ्या अर्थाने तिथे कळला.

मी भाषेची शिक्षिका. माझे लक्ष साहजिकच शब्दांकडे जाई. त्या बायकांच्या तोंडी एक म्हण होती, ‘ला रोपा सुसिया से लावा एन कासा’ – मळके कपडे घरातच धुवावेत. आमची ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ तिची सख्खी बहीण. दुसरे एक प्रकरण ‘एल के दिरान’. शब्दशः अर्थ ‘काय म्हणतील ते’. आपण ‘लोक’ हा कर्ता तरी ठेवतो, त्यांनी तोही गाळला. आणि तिसरा शब्द ‘आग्वांतार’. समाजकार्यकर्ती म्हणाली, याला इंग्रजीत नीट शब्द नाही. मी म्हटले, ‘‘मराठीत आहे. सोसणे.’’ चांगल्या बाईने मरिया मातेसारखे निमूट सोसावे, या शिकवणुकीला तिथले अभ्यासक १९७३ पासून ‘मारियानिस्मो’ म्हणतात. आमच्याकडे मरिया मातेच्या जागी सीतामाई आहे एवढेच! धर्मावर सगळे ढकलू नये हेही खरे. १९९२ साली अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी पत्रक काढून स्पष्ट सांगितले की छळाच्या लग्नात राहण्याची अपेक्षा कोणाकडून करता येत नाही. पण बिशपांचे पत्रक आणि सासूचा सल्ला यांत आधी पोहोचतो तो सल्ला.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. जगभर २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील अत्याचारांच्या विरोधाचा दिवस पाळतात, आमच्या कॉलेजातही पोस्टर लागते. तो दिवस लॅटिन अमेरिकेच्या बायकांनी दिला आहे. १९६० साली त्या तारखेला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी मिराबाल घराण्यातल्या तीन बहिणींना ठार केले. १९८१ साली बोगोटा येथे जमलेल्या स्त्रियांनी त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस ठरवला आणि १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने तो मान्य केला. ज्यांना आपण ‘गप्प बसणाऱ्या’ म्हणतो, त्यांचेच हे देणे.

असो. बाईने अर्ज करायचे ठरवले. तेव्हा कळले की पुरावे हवेत: लग्न खरे होते याचे, एका घरात राहत असल्याचे, तिच्या चांगल्या वर्तणुकीचे आणि छळाचे. पण विजेचे बिल त्याच्या नावावर, बँकेचे खाते त्याचे, घराचा करार त्याचा. संसार तिचा आणि कागद त्याचे! वकीलबाईंनी मग चिंध्यांची गोधडी शिवावी तसे काम सुरू केले. थोरल्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचे पत्र, वाढदिवसाचा एक फोटो. आणि ज्यांनी वळ डोळ्यांनी पाहिले, त्यांची लेखी साक्ष.

वळ पाहिले होते भाचीने.

त्या रात्री जेवताना भाचेजावई म्हणाला, ‘‘मावशी, तुम्हीच सांगा हिला. आमचंच ग्रीन कार्ड रांगेत आहे. सरकारदरबारी दुसऱ्याच्या भानगडीत आपलं नाव कशाला?’’ मुलगा वाईट नाही. अनारशांचा चुरा त्याने दुधात घालून आनंदाने खाल्ला होता. घाबरला होता, इतकेच. नोकरी गेली की त्याच्या मागे त्याची बायकोही देशाबाहेर, कारण तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला लटकलेला. बहीण असती तर तिने काय सांगितले असते मला ठाऊक होते. आणि मी? मी भाजी वाढून घेतली. खरे सांगायचे तर मनातल्या मनात मी त्याच्याच बाजूने मान डोलावली होती. वाड्यातल्या नळावर उभी राहून ‘पाणी आलं का वर?’ असे विचारणाऱ्या बायकांत माझी आईही होती.

दोन दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाची पोटावर हात ठेवून टेबलाशी बसली आणि लिहू लागली. तासाभराने तिने विचारले, ‘‘अरे, तो गुरुवार कोणता? तारीख हवी.’’ जावई तिच्या मागे येऊन उभा राहिला, वाचू लागला. मग म्हणाला, ‘‘मे महिन्याचा शेवटचा की जूनचा पहिला?’’ कोणालाच आठवेना. मी आत जाऊन रोजनिशी आणली. ३१ मे ला वळांची नोंद होती, बोटांच्या खुणांसकट. आणि त्याच्या आधी २४ मे ला लांब बाह्यांची.

वकीलबाईंना ती वही फार आवडली. त्या-त्या दिवशी लिहिलेले टिपण, म्हणजे आठवणीपेक्षा मोलाचे! फक्त ते मराठीत. तेव्हा पूर्ण भाषांतर करून, ते अचूक आणि संपूर्ण आहे असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे. जावयाने गाडी काढली, आम्हांला तिथे सोडले आणि बाहेर थांबण्याऐवजी आत येऊन बसला. ही गोष्ट २०१८ च्या जूनमधली. त्याच महिन्यात एल साल्वादोरच्या एका स्त्रीच्या प्रकरणात तिथल्या महान्यायवाद्यांनी नवऱ्याच्या छळापासून पळून आलेल्या बायकांसाठी आश्रयाची वाट अरुंद केली. २०१४ मध्ये ती उघडली होती. २०२१ मध्ये २०१८ चा निर्णय पुन्हा मागे घेतला गेला. आमच्या बाईची वाट निराळी होती, तिला त्या निर्णयाची बाधा नव्हती. तरी त्या दिवशी सभागृहातल्या निम्म्या बायका आल्या नव्हत्या. बाईचा अर्ज मंजूर व्हायला २०२१ साल उजाडले. तोवर ती धाकट्या बहिणीकडे राहिली, आणि आजही भाचीकडे गुरुवारी येते.

भाषांतर करायला बसले आणि एका ओळीशी अडले. २४ मे च्या टिपणात मी लिहिले होते, ‘एवढ्या उकाड्यात लांब बाह्या घालून हूं की चूं न करता काम करते. बाई मोठी सोशीक दिसते.’ ती ओळ गाळावी असे फार वाटले. गाळता येत नव्हती. ‘संपूर्ण’ म्हणून सही करायची होती. वकीलबाई म्हणाल्या, ‘पेशंट’ लिहा. आमच्या कानाला त्याचा अर्थ रोगी. दुसरे दोन शब्द लिहून खोडले. शेवटी मराठी शब्दच रोमन अक्षरांत ठेवला आणि खाली लिहिले: आमच्या भाषेत ही स्तुती समजतात.

बाई शेजारीच बसली होती. एवढा वेळ या एका शब्दावर काय खल चालला आहे, असे तिने विचारले. समाजकार्यकर्तीने तिला स्पॅनिशमध्ये सांगितले, ‘‘आग्वांतादोरा.’’

‘‘माझी आई मला तेच म्हणायची,’’ ती म्हणाली, आणि सही करण्यासाठी तिने माझ्या हातातले पेन मागितले.